रॉडचा वेग आणि कमाल ताकदीचा अंदाज

ताकदीच्या व्यायामाचे बहुतेक लेखी कार्यक्रम एका आकड्यावर उभे असतात. एखादे वजन योग्य पद्धतीने जास्तीत जास्त एकदाच उचलता येते, दुसऱ्यांदा येत नाही. त्या वजनाला आपण 'वन रेप मॅक्स' किंवा नुसते 'मॅक्स' म्हणतो, आणि कार्यक्रमात '८० टक्क्यांवर ५ रेप' (वजन एकदा उचलले की एक रेप) असे लिहिलेले असते तेव्हा ते ८० टक्के या मॅक्सचे असतात. मॅक्सच चुकीचा धरला तर पुढचे सगळे आठवडे चुकतात. मी ताकदीचे प्रशिक्षण देते आणि माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये स्पर्धेत उतरणारे थोडे, तर प्रकृतीसाठी वजन उचलणाऱ्या स्त्रिया आणि कॉलेजातली मुले जास्त आहेत. त्यामुळे मॅक्स न उचलता तो कसा ओळखावा, हा माझ्यासाठी रोजच्या कामाचा प्रश्न आहे, आणि रॉड किती वेगाने वर जातो हे मोजून त्याचे उत्तर कितपत मिळते, याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

मॅक्स प्रत्यक्ष उचलून पाहणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे आणि अनुभवी लिफ्टरसाठी तो आजही उत्तम आहे. मात्र त्यात व्यायामाचा एक पूर्ण दिवस जातो, पुढच्या एकदोन दिवसांवर त्याचा थकवा राहतो, आणि नवख्या माणसाची पद्धत त्या वजनाखाली मोडते. तसे झाले की आपण त्याची ताकद मोजत नसतो, त्याची पद्धत कोणत्या वजनाला मोडते तेवढेच मोजत असतो. दुसरा मार्ग सूत्रांचा. १९८५ चे एप्ली यांचे सूत्र सांगते की रेपच्या संख्येला ३० ने भागा, त्यात १ मिळवा आणि उत्तराने वजनाला गुणा. १९९३ चे ब्रझिकी यांचे सूत्र सांगते की वजनाला ३६ ने गुणा आणि ३७ मधून रेप वजा करून येणाऱ्या संख्येने भागा. १०० किलोने १० रेप काढल्या तर दोन्ही सूत्रे १३३ किलो हेच उत्तर देतात. १५ रेप काढल्या तर मात्र एप्लींचे उत्तर १५० किलो येते आणि ब्रझिकींचे जवळजवळ १६४. सूत्रांचा भरवसा कमी रेपपुरताच आहे, आणि शिवाय त्यासाठी तो सेट, म्हणजे सलग काढलेल्या रेपचा गट, अगदी दमेपर्यंत, पुढची रेप निघणार नाही इथपर्यंत न्यावा लागतो.

वेगाच्या मार्गाचे मूळ स्नायूच्या स्वभावातच आहे. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ साली बेडकाच्या स्नायूवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की स्नायूवरचा भार वाढत गेला की त्याच्या आकुंचनाचा वेग ठरावीक रीतीने घटत जातो. स्नायूतले तंतू एकमेकांना पकडून ओढतात. आकुंचन जितके वेगवान, तितके त्या क्षणी पकड घेऊन असलेले दुवे कमी आणि म्हणून बलही कमी. एकट्या स्नायूत हा संबंध वक्ररेषेचा असतो. बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून रॉड छातीवरून वर रेटणे) किंवा स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन खाली बसून उठणे) यांत मात्र अनेक सांधे आणि अनेक स्नायू एकत्र काम करतात, आणि आपण नेहमी वापरतो त्या वजनांच्या टप्प्यात आलेखावर वजन आणि रॉडचा वेग यांचे बिंदू मांडले तर ते जवळजवळ सरळ रेषेत येतात. ही सरळ रेषा म्हणजे या पद्धतीचा सगळा आधार आहे. हलक्या आणि मध्यम वजनांवरचे वेग मोजायचे, रेषा आखायची, आणि मॅक्सच्या वेळी रॉडचा जो वेग असतो तिथपर्यंत ती वाढवून वजन वाचायचे.

यात एक अट कधीही सैल सोडता येत नाही. प्रत्येक रेप वर नेताना पूर्ण जोर लावलाच पाहिजे. ४० किलो सहज उचलता येतात म्हणून कोणी ते रमतगमत उचलले, तर मोजलेला वेग त्याच्या ताकदीविषयी काहीच सांगत नाही. नव्याने शिकणाऱ्यांना हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण हलके वजन संयमाने, सावकाश उचलावे असेच त्यांनी इतर ठिकाणी ऐकलेले असते. खाली येताना नियंत्रण आणि वर जाताना सगळी ताकद, ही सवय बसेपर्यंत मी कोणाचेही आकडे वहीत उतरवून घेत नाही.

या विषयाला खरी गती स्पेनमध्ये मिळाली. गोन्सालेस-बादियो आणि सांचेस-मेदिना यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यायामाची सवय असलेल्या १२० तरुण पुरुषांची बेंच प्रेस स्मिथ मशीनवर (यात रॉड रुळांतून वरखाली जातो), हलक्या वजनापासून मॅक्सपर्यंत टप्प्याटप्प्याने मोजली. मॅक्सच्या किती टक्के वजन आहे आणि रॉड किती वेगाने जातो, यांचा संबंध फारच घट्ट निघाला. मॅक्सच्या निम्म्या वजनावर वेग सेकंदाला सुमारे ०.९५ मीटर, ८० टक्क्यांवर सुमारे ०.४७ मीटर, आणि खुद्द मॅक्सच्या वेळी साधारण ०.१६ ते ०.१८ मीटर. त्यांतल्या ५६ जणांची सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर पुन्हा मोजणी झाली. त्यांचा मॅक्स सरासरी ९ टक्क्यांहून थोडा अधिक वाढला होता, पण प्रत्येक टक्केवारीचा वेग जवळपास जागच्या जागी होता. मला या अभ्यासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. माणसाची ताकद वाढते तेव्हा त्याचा ६० किलोचा वेग वाढतो, कारण ६० किलो ही आता त्याच्या मॅक्सची लहान टक्केवारी झालेली असते. टक्केवारी आणि वेग यांचे नाते मात्र टिकून राहते. म्हणजे वॉर्मअपच्या एका सेटवरूनही हे वजन आज याला किती टक्के पडते आहे, याचा अंदाज बांधता येतो.

हे आकडे बेंच प्रेसचे आहेत आणि ते दुसऱ्या व्यायामाला लावता येत नाहीत, हे आवर्जून सांगायला हवे. मॅक्सच्या वेळचा वेग प्रत्येक व्यायामाचा वेगळा असतो. स्क्वॉटमध्ये तो सेकंदाला ०.३० मीटरच्या आसपास धरतात. बाकावर पालथे झोपून रॉड छातीकडे ओढण्याच्या व्यायामात तो ०.५० मीटरच्या घरात असतो, कारण तिथे ओढ शेवटच्या टप्प्यात कमजोर पडते आणि रॉड बाकाला टेकण्याइतका वेग उरला नाही तर रेप पूर्णच होत नाही. बेंच प्रेसमध्ये रॉड मधल्या अडचणीच्या जागी अगदी रांगत जातो आणि तरीही वर पोहोचतो, म्हणून तिथला वेग इतका कमी.

आता अडचणीच्या भागाकडे वळते. रेषा सरळ असली तरी ती कुठे थांबवायची हा प्रश्न उरतोच, आणि अंदाज तिथेच डळमळतो. समजा, एका मुलाने स्क्वॉटमध्ये ६० किलो ०.९५ मीटर वेगाने उचलले आणि ११० किलो ०.४९ मीटर वेगाने. ५० किलो वाढले आणि वेग ०.४६ ने घटला, म्हणजे किलोमागे ०.००९२ ने. मॅक्सचा वेग ०.३० धरला तर रेषा जवळपास १३१ किलोवर पोहोचते. पण या मुलाचा स्वतःचा मॅक्सचा वेग ०.२५ असेल तर उत्तर १३६ येते आणि ०.३५ असेल तर १२५. तीच रेषा, तीच मोजणी, आणि फरक ११ किलोंचा. हा फरक कागदावरचा नाही. झूर्डोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली अनुभवी आणि नवख्या स्क्वॉट करणाऱ्यांची तुलना केली, तेव्हा अनुभवी गटाचा मॅक्सचा वेग सरासरी ०.२४ आणि नवख्यांचा ०.३४ निघाला. अनुभवी माणूस जवळजवळ थांबलेला रॉडही रेटत राहतो. नवखा त्याआधीच थांबतो. हेल्म्स आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधल्या अभ्यासात पॉवरलिफ्टरांचा, म्हणजे याच तीन व्यायामांची स्पर्धा करणाऱ्यांचा, मॅक्सचा वेग बेंचमध्ये सरासरी ०.१०, डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचा रॉड उचलून उभे राहणे) ०.१४ आणि स्क्वॉटमध्ये ०.२३ इतका खाली होता. बेंचसाठी सर्वत्र उद्धृत होणारा ०.१६-०.१८ चा आकडा अशा लिफ्टरला लावला तर त्याचा मॅक्स खऱ्याहून कमीच दिसणार.

मग प्रत्येकाचा स्वतःचा मॅक्सचा वेग एकदा मोजून ठेवावा, असे सुचणे स्वाभाविक आहे, आणि ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. परंतु बनयार्ड, नोसाका आणि हॅफ यांनी २०१७ साली फ्री-वेट बॅक स्क्वॉटवर (मशीनशिवाय, मोकळा रॉड पाठीवर घेऊन केलेला स्क्वॉट) नेमके हेच तपासले. अनुभवी लिफ्टरांनी वेगवेगळ्या दिवशी मॅक्स उचलला. मॅक्सचे वजन दिवसागणिक फारसे बदलले नाही, पण त्या वेळचा वेग एकाच माणसाचा असूनही बराच बदलत राहिला, आणि रेषेवरून काढलेला मॅक्स खऱ्या मॅक्सपेक्षा जास्त येत राहिला. याचे कारण समजण्यासारखे आहे. मॅक्सला रॉड जेमतेम वर जातो. त्या दिवशी अर्धा किलो कमी असता तर तो थोडा जलद गेला असता, पाठ किंचित पुढे झुकली असती तर थोडा हळू. इतक्या कमी वेगात लहानसा फरकही प्रमाणाने मोठा ठरतो. स्मिथ मशीनवर रॉड रुळांतून जातो, म्हणून तिथले आकडे नीटनेटके दिसतात. खांद्यावर मोकळा रॉड घेतलेल्या माणसाकडून तशी अपेक्षा धरणे रास्त नाही.

दुसरी अडचण रेषा किती लांब ओढायची याची. वरच्याच उदाहरणात ११० किलोचा वेग मोजताना ०.०३ ची चूक झाली आणि ०.४९ ऐवजी ०.५२ नोंदला गेला, तर अंदाज १३१ वरून सुमारे १३६ वर जातो. आता समजा, आपण ८० किलोवरच थांबलो आणि तिथे ०.७७ ऐवजी ०.८० नोंदला गेला. मूळ अंदाज १३२ चा असता. तेवढ्याच चुकीने तो १४७ होतो. मोजलेले दोन बिंदू जवळजवळ असले आणि मॅक्स दूर असला की लहान चूक रेषेच्या टोकाशी पोहोचेपर्यंत अशी फुगते. गार्सिया-रामोस आणि यारिक यांनी मांडलेली दोन बिंदूंची पद्धत वेळ वाचवणारी आहे आणि मीही ती वापरते, परंतु तिची भिस्त दोन वजनांमधले अंतर मोठे असण्यावर आणि दुसरे वजन पुरेसे जड असण्यावर आहे. मॅक्सच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत न जाता काढलेल्या अंदाजावर मी कोणाचाही कार्यक्रम आखत नाही.

मोजण्याची साधने तीन प्रकारची मिळतात. रॉडला दोरी बांधून ती किती लांबली हे मोजणारे यंत्र सर्वांत विश्वासाचे, आणि महागही. त्यात दोरी सरळ उभी असणे फार महत्त्वाचे आहे. यंत्र रॉडच्या बरोबर खाली न ठेवता हातभर पुढे सरकवले की दोरी तिरकी होते आणि यंत्र उभ्या अंतराऐवजी तिरके अंतर मोजू लागते. दोरी रॉडच्या टोकाला, प्लेटच्या बाहेर बांधली तर जड वजनाला रॉड जो लवतो आणि उसळतो तोही मोजणीत येतो. म्हणून पट्टा प्लेटच्या आत, पण हाताच्या पकडीला अडथळा होणार नाही असा बसवावा लागतो. दुसरा प्रकार मनगटावर किंवा रॉडवर लावायच्या सेन्सरचा. तो सोयीचा आहे, पण त्याचे आकडे इतर यंत्रांच्या आकड्यांशी जुळवत बसू नये.

तिसरे साधन आपला फोन. सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या स्लो मोशनमध्ये रेप टिपली, रॉड उठला ते चित्र आणि वर पोहोचला ते चित्र शोधले, आणि रॉडने कापलेले अंतर टेपने मोजले की सरासरी वेग मिळतो. बेंचवर रॉड छातीपासून ४० सेंटिमीटर वर जातो आणि त्याला ०.८ सेकंद लागतात, तर वेग सेकंदाला ०.५० मीटर. आता रॉड नेमका कोणत्या चित्रात हलला हे ठरवताना पाच चित्रांची चूक झाली, तर ती सुमारे २१ मिलिसेकंदांची होते, ०.८ सेकंदांच्या मानाने ती जेमतेम अडीच टक्के भरते. तीच चूक हलक्या वजनावर, जिथे रॉड ०.४ सेकंदातच वर जातो, पाच टक्क्यांवर पोहोचते. त्यामुळे फोनने मोजायचे असेल तर जड वजनांचे आकडे अधिक भरवशाचे समजावेत, रॉड छातीवर क्षणभर थांबवून मगच रेटावा म्हणजे सुरुवातीचे चित्र स्पष्ट ओळखता येते, आणि साध्या, सेकंदाला ३० चित्रांच्या व्हिडिओवरून वेग काढण्याच्या भानगडीत पडू नये.

सरासरी वेगाचेही दोन प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. एक, रॉड उठल्यापासून थांबेपर्यंतचा पूर्ण सरासरी वेग. दुसरा, माणूस रॉडला प्रत्यक्ष वर रेटत असतो तेवढ्याच टप्प्याचा. हलक्या वजनात शेवटी हात आपणहून रॉडला आवर घालतात, तो भाग यात वगळतात. बेंच प्रेसमध्ये मॅक्सच्या साधारण ७६ टक्क्यांच्या पुढे हा आवरण्याचा भाग उरतच नाही आणि दोन्ही आकडे एक होतात. त्याखाली ते वेगळे राहतात. वर दिलेले स्पॅनिश अभ्यासाचे आकडे दुसऱ्या प्रकारचे आहेत. फोनवरून काढलेला वेग पहिल्या प्रकारचा असतो, त्यामुळे हलक्या वजनांना तो त्या आकड्यांशी ताडून पाहणे चूक ठरते.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. छापील तक्ते बहुतांशी तरुण पुरुषांच्या मोजणीवरून बनलेले आहेत. स्त्रियांची रेषा सर्वसाधारणपणे कमी उताराची असते. मॅक्सच्या तेवढ्याच टक्क्यांच्या हलक्या वजनाला त्यांचा वेग पुरुषांपेक्षा कमी असतो आणि जड वजनांकडे हा फरक मिटत जातो. पुरुषांचा तक्ता तसाच लावला तर हलके वजन स्त्रीला प्रत्यक्षात पडते त्यापेक्षा जड पडत असल्याचे दिसते, आणि मग तिला वजन वाढवून देण्यात विनाकारण हात आखडता घेतला जातो. माझ्या मते हा या पद्धतीच्या वापरातला सर्वांत कमी बोलला जाणारा दोष आहे, आणि त्यावर उपाय एकच: प्रत्येकीची तिची स्वतःची रेषा.

इतक्या मर्यादा सांगूनही मी वेग मोजणे सोडलेले नाही. उलट त्याच्यावर माझा विश्वास वाढला आहे, फक्त प्रश्न बदलला आहे. 'याचा मॅक्स किती किलो?' या प्रश्नाला वेग जे उत्तर देतो त्यात पाच-सात किलोंची सैल जागा असते. 'हेच वजन याने तीन आठवड्यांपूर्वी कोणत्या वेगाने उचलले होते आणि आज कोणत्या वेगाने उचलतो?' या प्रश्नाला मात्र तो फार नेमके उत्तर देतो, कारण त्यात मॅक्सचा वेग गृहीत धरावा लागत नाही आणि रेषा कुठेही लांबवावी लागत नाही. ८० किलोचा स्क्वॉट ०.६२ वरून ०.७० वर आला, तर ताकद वाढली आहे हे मॅक्सचा आकडा न काढताही सिद्ध होते. वेगाचे किलोत रूपांतर करण्याचा मोह टाळला की पद्धतीतला बहुतेक दोष गळून पडतो.

सेट कधी थांबवायचा हे ठरवायलाही वेगच जास्त उपयोगी पडतो. पारेखा-ब्लांको आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली स्क्वॉटच्या आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणात दोन गट केले. एका गटाने सेटमधला वेग २० टक्के घटताच थांबायचे, दुसऱ्याने ४० टक्के घटेपर्यंत रेप काढत राहायचे. पहिल्या गटाच्या एकूण रेप दुसऱ्याच्या साधारण ६० टक्केच झाल्या, तरी स्क्वॉटची ताकद दोघांची सारखीच वाढली आणि उभी उडी पहिल्या गटाची जास्त सुधारली. मांडीच्या स्नायूंचा आकार मात्र दुसऱ्या गटाचा अधिक वाढला. ज्याला कबड्डी किंवा धावण्यासाठी ताकद हवी आहे आणि ज्याला स्नायू भरायचे आहेत, त्यांचे सेट वेगवेगळ्या ठिकाणी थांबावेत, असा अर्थ मी यातून घेते.

प्रत्यक्षात मी एवढेच करते. नव्या माणसाची पद्धत बसल्यावर, चार ते पाच वजनांवर, हलक्याला तीन रेप आणि जडाला एक, अशा मोजणीतून त्याची रेषा काढून ठेवते. प्रत्येक वजनाची सर्वांत वेगवान रेप धरते आणि दोन जड वजनांमध्ये तीन मिनिटांची विश्रांती देते. बेंचसाठी या रेषेवरून काढलेला मॅक्स मी कार्यक्रमात वापरते, पण त्यातून थोडे वजन कमी करून. स्क्वॉटसाठी तो केवळ अंदाज म्हणून वहीत राहतो. डेडलिफ्टसाठी काढतच नाही, कारण तिथे रॉड जमिनीवरून उठताना आणि गुडघ्यापाशी अडताना वेग इतका वरखाली होतो की त्याच्या सरासरीला फारसा अर्थ उरत नाही. डेडलिफ्टमध्ये मी अजूनही तीन ते पाच रेपच्या जड सेटवरूनच ठरवते. रेषा दर सहा-आठ आठवड्यांनी नव्याने काढते, आणि मधल्या काळात वॉर्मअपमधल्या एकाच ठरलेल्या वजनाचा वेग दर वेळी नोंदवते. तो नेहमीपेक्षा स्पष्टपणे खाली असला तर त्या दिवशीचे वजन पाच टक्क्यांनी उतरवते, आणि झोप, जेवण, दुखणे यांविषयी विचारते.